ठराव मजूर

वाळवीला मराठी आवडतं, हे आमच्या मंडळाला १९९८ सालच्या मार्चमध्ये कळलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात कन्नड पावतीपुस्तकं होती, मधल्या कप्प्यात इंग्रजी पत्रव्यवहार होता. त्यांना तिने तोंडही लावलं नव्हतं. वरच्या कप्प्यातल्या मराठी ठराववह्या मात्र ती १९५१ पासून क्रमाने खात १९५८ पर्यंत आली होती. मंडळाच्या एकाही सभासदाने त्या वह्या इतक्या मनापासून हाताळल्या नव्हत्या.

जे. पी. नगरातलं आमचं मंडळ म्हणजे तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेल्या मराठी घरांचं. आम्ही घरात मराठी बोलतो असा आमचा समज आहे, आणि पुण्याहून नव्याने आलेली माणसं तो फार वेळ टिकू देत नाहीत. मी सूर्यकांत राव, मंडळाचा सहचिटणीस. चिटणीस गेली चार वर्षं मुलाकडे म्हैसूरला असल्यामुळे हा 'सह' कोणासह आहे ते मलाही ठाऊक नाही. नोकरी बोम्मसंद्र्याला, पंपांच्या कारखान्यात, रेकॉर्ड विभागात. स्वभाव काळजीचा. घरातून निघताना मी कुलूप तीनदा ओढून बघतो आणि बस स्टॉपवरून परत येऊन चौथ्यांदा.

वाळवीचं कळताच आमचे अध्यक्ष अप्पासाहेब यांनी मला बोलावून घेतलं. अप्पासाहेबांचं वय चौऱ्याहत्तर, मिशी त्याहून वडील. "सूर्यकांत, तुझ्या फ्याक्टरीत कागद कंप्यूटरात घालतात म्हणे. आपले पण घाल की."

"बघतो," म्हणालो. सरकारी माणूस 'बघतो' म्हणाला तर त्याचा अर्थ 'नाही' असतो. मी म्हणालो तर 'हो' असतो. आयुष्यात मी मागे राहिलो तो एवढ्याचमुळे.

कारखान्याने मोडीत काढलेला एक संगणक, एक स्कॅनर आणि कागदपत्रं सांभाळणारा एक प्रोग्राम मी साहेबांच्या हातापाया पडून मिळवला, आणि मंडळाच्या मागच्या खोलीच्या दाराशी, व्हरांड्यात मांडला. ती मागची खोली तानूअक्कांची. त्यांचे यजमान मंडळाचे आचारी होते. ते १९६७ साली वारले तेव्हा मंडळाने ठराव करून ही खोली तानूबाईंना हयातभर दिली. तेव्हापासून पहाटे पाचला हॉल उघडणं, झाडणं, लग्नकार्याची भांडी घासणं आणि मीटिंगला कॉफी करणं, हे सगळं त्या करत आल्या. आता वय एकाहत्तर. लिहिता-वाचता येत नाही, पण वहीतलं आपलं पान त्या बरोबर ओळखायच्या. ठराव वाचून दाखवला त्या दिवशी हात हळदीचे होते, आणि पानाच्या कोपऱ्यात त्यांच्या बोटाचा पिवळा ठसा उमटला होता.

"सूर्या, ह्या डब्यात माझा कागद नीट राहील ना रे?"

"वाळवीचा बापसुद्धा आत जाणार नाही, अक्का."

"माझ्याजवळ तेवढा एकच कागद आहे," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून माझ्या काळज्यांत तो कागद पहिल्या नंबरवर गेला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लोक म्हणाले, की सूर्यकांताला कशाची फिकीरच नाही.

पहिल्या दिवशी मी पानं जशी दिसतात तशी, छायांसकट, स्कॅन केली. एकेक पान जवळजवळ नऊ एम.बी.चं झालं. म्हणजे एका पानाला सहा-सात फ्लॉप्या. नव्वदाव्या पानाला डिस्क भरली. वह्यांची पानं बाराशे. मी हिशेब केला, पुन्हा केला, आणि घरी येऊन न जेवता झोपाळ्यावर बसलो.

"काय झालं?" संध्याने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"मंडळ मावत नाही."

"हॉल मोठा आहे की."

आमच्या वरच्या मजल्यावर मुग्धा नावाची पुण्याची मुलगी भाड्याने राहायची. महादेवपुऱ्याला सॉफ्टवेअर कंपनीत होती. हुशार. मी 'नळी फुटली' म्हणालो की 'काका, पाइप' म्हणायची, आणि मी 'पाइप' म्हणालो की 'काका, नळी'. तिने माझं दुःख ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ग्रेस्केल कशाला? ब्लॅक अँड व्हाइट करा ना. अक्षरं तर काळीच आहेत!"

तसं केलं. नऊ एम.बी.चं पान एकदम एकशेचाळीस के.बी.वर आलं. मी पेढे आणायला निघालो होतो, तेवढ्यात तो प्रोग्राम म्हणाला, की पन्नास के.बी.च्या वरचं पान मी आत घेणार नाही. असा नियम का, हे कोणालाच सांगता येईना. कारखान्यात विचारलं तर म्हणाले, पूर्वीपासून आहे.

रविवारी मुग्धा मंडळात आली. तिने पान मोठं करून दाखवलं. कागदावर मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखे ठिपके होते. जुना कागद, फुटलेली शाई आणि वाळवीचे दात. "फाइल ह्यांनीच फुगलीय," ती म्हणाली. "कोरी जागा कॉम्प्रेस करायला सोपी. ती म्हणते, इथून तिथपर्यंत पांढरं, झालं. पण मध्ये प्रत्येक ठिपक्याला थांबून नोंद करावी लागते. ठिपके उडवा, साइझ आपोआप उतरेल. इथे एक ते दहा आकडे आहेत. दोन किंवा तीन ठेवा. आणि एक-दोन पानं नीट चेक करा हं!"

ती गेली. मी तीनवर ठेवलं. पंच्याण्णव के.बी. पाचवर ठेवलं. बहात्तर. आता माझ्यासारख्या माणसाची अडचण अशी, की अर्ध्यावर ठेवलेली कुठलीही गोष्ट मला झोपू देत नाही. मी दहावर ठेवलं. एकतीस के.बी.! पान असं उजळलं, की १९५१ साली लिहितानाही ते इतकं स्वच्छ नसेल. मी एक-दोन नाही, चांगली वीस पानं तपासली. एकही ठिपका नव्हता. संध्याकाळपर्यंत बाराशेच्या बाराशे पानं धुऊन निघाली, आणि डिस्कवर जागा हवी म्हणून मोठ्या फाइली मी पुसून टाकल्या.

वह्यांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. रद्दीत घालता येईनात, कारण प्रत्येक पानावर वर '॥ श्री ॥' होतं. देवाचं नाव शेंगदाण्याच्या पुडीला जायचं, या कल्पनेनेच अप्पासाहेबांची मिशी थरथरली. श्रीरंगपट्टणला कावेरीत विसर्जन करायचं ठरलं. मॅटॅडोर केली, नारळ घेतले, पुळियोगरेची, म्हणजे चिंचेच्या भाताची, पाकिटं बांधली. आम्ही चौदा जण गेलो. मी वाटभर काळजी केली: टायरची, घाटाच्या पायऱ्यांची, अप्पासाहेबांच्या गुडघ्याची, आणि पुळियोगरेतल्या शेंगदाण्यांची, कारण मंडळाचे सर्वांत जुने सभासद देवाप्पा यांना दात नव्हते. वह्या पाण्यात जाताना मात्र मी निश्चिंत होतो. तसा मी आयुष्यात दोनदाच झालोय, आणि दोन्ही वेळा पस्तावलोय.

मंडळाची नोंदणी नवी करायची होती. त्यासाठी सरकारी कचेरीत सगळ्या ठरावांच्या प्रती द्यायच्या होत्या. मी त्या छापल्या. तानूअक्का कॉफी घेऊन आल्या, त्यांचं पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "हा माझा कागद नव्हे."

"अक्का, हळदीचा डाग निघालाय. मजकूर तोच आहे."

"वाच बघू."

मी वाचून दाखवलं. "तानूबाई यांस मागील खोली हयातभर राहण्यास मंजूर." अगदी खणखणीत वाचलं. देवाशपथ सांगतो, मला तसंच दिसलं. माहीत असलेला शब्द माणूस वाचत नसतो, लांबूनच नमस्कार करून पुढे जातो. अक्कांनी कागद खाली ठेवला आणि कपबशा उचलून गेल्या.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, कामगार कचेरीतून हयवदन नावाचे इन्स्पेक्टर मंडळात आले. कपाळावर उभं गंध, काखेत जाडजूड फाइल. नशिबाने म्हणा की दुर्दैवाने, मी रजेवर होतो. अप्पासाहेब होते, आणि संगणकाचं काही अडलं होतं म्हणून मी मुग्धालाही बोलावून घेतलं होतं. नोंदणीवाल्यांनी आमचे ठराव कन्नडमध्ये उतरवून घेतले होते आणि घाबरून यांच्याकडे धाडले होते.

"यजमानरे," हयवदन अप्पासाहेबांना कन्नडमध्ये शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे चारशे बारा मजूर आहेत. हजेरीपत्रक कुठे आहे?"

अप्पासाहेबांनी कपाटातलं कन्नड पावतीपुस्तक पुढे केलं.

त्यांनी फाइल उघडली. "माडव, मजूर. सतरज्या, मजूर. हे शोक कोण? शोक, मजूर, १९५४. परत १९६२. मध्ये आठ वर्षं कुठे होते? आणि हे आभार. हे १९५१ पासून दरवर्षी कामावर आहेत. अजून निवृत्त केलं नाही?"

मी प्रत त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावली. 'शोकप्रस्ताव मजूर.' 'आभाराचा ठराव मजूर.' पानामागून पान. मी ठिपके काढले होते, आणि अनुस्वार हा ठिपकाच असतो, हे मला पन्नास वर्षं मराठी बोलून कधी सुचलं नव्हतं. १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम बदलून विद्वानांनी निम्मे अनुस्वार उडवले. उरलेले मी एका रविवारी उडवले. एवढं सगळं होऊन माझी चिंता मात्र अनुस्वारासकट शाबूत होती.

अप्पासाहेबांनी चष्मा लावला आणि स्वतःचं नाव शोधलं. सापडलं. 'अप्पासाहेब याची अध्यक्ष म्हणून निवड मजूर.' मजूर त्यांनी कदाचित सोसलं असतं. पण 'यांची'चं 'याची' झालेलं पाहून ते खुर्चीत मटकन बसले. मराठी माणसाचा मान केवढा? एका टिंबाएवढा. तो मी फाइल हलकी करायला काढून घेतला होता.

"साहेब, हे मजूर नव्हे, मंजूर आहे," मी म्हणालो. "स्वल्प अडजस्ट करा. वर एक टिंब घातलं की झालं."

"मूळ कागद दाखवा. टिंब बघतो, सरी, बरोबर आहे म्हणतो, जातो."

"मूळ कावेरीत सोडले."

"कुठे?"

"श्रीरंगपट्टणला."

त्यांनी थोडा विचार केला. "मग एव्हाना तमिळनाडूत गेले. आमच्या हद्दीत येत नाहीत. आगोल्ला, जमणार नाही."

मग त्यांनी फाइलमधून एक कागद वेगळा काढला, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कठोर झाला. "बाकीचं एक वेळ चूक म्हणेन. पण हे? एक विधवा बाई. मागच्या खोलीत हयातभर राहणारी मजूर. यजमानरे, इदु जीता!"

"जीता?" मुग्धाचा चेहरा उजळला. "काका, आपण जिंकलो?"

"गप्प बस, बाई," मी म्हणालो. "जीता म्हणजे वेठबिगार."

वेठबिगार ठेवणं हा गुन्हा, आणि सापडला तर त्याला सोडवणं हे सरकारचं कर्तव्य. हयवदन वाईट माणूस नव्हते. त्यांनी उलट फार आपुलकीने सांगितलं, की पंधरा दिवसांत मंडळाने खुलासा केला नाही तर तानूबाईंना मुक्त करून सरकारी निवाऱ्यात नेण्यात येईल. पडद्याआड अक्का कॉफी गाळत होत्या. कॉफी आली. हयवदनांनी घेतली, छान झालीय म्हणाले आणि गेले.

"सूर्या," अक्का म्हणाल्या, "मला कुठं नेणार म्हणाला तो?"

मी हयवदनांचा रिकामा कप बशीत उगाच सरळ करून ठेवला.

पुढचे पंधरा दिवस मला जो भेटेल त्याने सल्ला दिला. देवाप्पांच्या मते तो टेबलावरचा मोठा डबा भटजीला दाखवून शांत करायला हवा होता. मोठा डबा म्हणजे स्कॅनर. एकाने कावेरीत पाणबुडे सोडायला सांगितलं. संध्याने तर आपल्या टिकल्यांचं पाकीटच आणून दिलं. "मंजूरवर एकेक चिकटव. दिसायला पण बरं." मी रागावलो. मग दुसऱ्या दिवशी गुपचूप एक चिकटवून पाहिली. टिकली मंजूरच्या 'म'वर बसेना, तिने 'जू'सुद्धा झाकला. मुग्धाने पुसलेल्या फाइली परत आणायचा प्रयत्न केला. एकच सापडली, १९७३ सालचं हॉलच्या रंगरंगोटीचं कोटेशन. ती मनातून खजील झाली होती. "काका, मी दोन-तीन म्हणाले होते," एवढंच ती दिवसातून तीनदा म्हणायची. मी तिला दोष दिला नाही. द्यावासा फार वाटला.

कचेरीत खेटे घातले. पहिल्या खिडकीने दुसरी दाखवली, दुसरीने हयवदनांकडे पाठवलं. शेवटी तेच म्हणाले, "कागद राहू द्या. सर्वसाधारण सभा बोलवा. जुने ठराव नव्याने मंजूर करा. मी समोर बसेन, आणि त्या बाईंना स्वतः विचारेन. त्या म्हणाल्या खुशीने राहते, तर फाइल बंद. त्या गप्प राहिल्या, तर माझा नाइलाज."

म्हणजे सगळं तानूअक्कांच्या एका उत्तरावर आलं. सभेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन म्हणालो, "अक्का, फक्त 'खुशीनं राहते' म्हणायचं. दुसरं काही नको." त्या चिंच कोळत होत्या. "बघते," म्हणाल्या. मी घरी गेलो आणि कुलूप सहा वेळा ओढून पाहिलं.

सभेला कधी नव्हे ती दीडशे माणसं आली. अप्पासाहेब एकेक ठराव वाचायचे आणि विचारायचे, "मंजूर?" सगळा हॉल अनुस्वार नाकातून घोळवत ओरडायचा, "मंजूर!" शोक मंजूर झाले, आभार मंजूर झाले, मांडव मंजूर झाला. माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती. मग तानूबाईंच्या खोलीचा ठराव आला. दीडशे हात वर गेले. हयवदनांनी पेन मिटलं आणि मागे भिंतीशी उभ्या असलेल्या अक्कांना पुढे बोलावलं. त्यांचं कन्नड आणि अक्कांचं कन्नड सारखंच होतं, दुभाषा लागला नाही.

"अक्का, तुम्ही इथे खुशीने राहता?"

अक्कांनी पदर सारखा केला. मी डोळे मिटले.

"खोली माझी आहे. खुशीनं राहते. मला कुठं नेऊ नका."

हॉलचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. अप्पासाहेबांनी कपाळ पुसलं, आणि मी आयुष्यात तिसऱ्यांदा निश्चिंत व्हायच्या बेतात होतो.

"पण कामाचं विचारलं नाहीत," अक्का म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या.

"काय कामाचं?" हयवदन म्हणाले.

"हे म्हणतात, कागदात चुकून मजूर पडलं. चूक कुठली ते दाखवा मला." आवाज चढलेला नव्हता. कॉफीत साखर किती विचारतात तेवढाच होता. "एकतीस वर्षं झाली. दिवाळीला ह्यांच्या घरी सण, मला इथं भांडी. ताप आला तरी पाचला दार मीच उघडलं. एक दिवस सुटी नाही."

अप्पासाहेब उठून उभे राहिले. "अक्का, तुम्ही कधी मागितली नाही की."

"तुम्ही कधी विचारली नाही, अप्पा."

मी खाली पाहिलं. त्या व्हरांड्यात महिनाभर मी स्कॅनरपुढे बसलो होतो, आणि दिवसाला तीन वेळा त्यांनी आणून दिलेली कॉफी प्यालो होतो. पन्नास के.बी.ची काळजी केली, शेंगदाण्यांची केली, देवाप्पांच्या दातांची केली. ही बाई कधी बसते, एवढं माझ्या मनात आलं नव्हतं. मला लाज वाटली.

अप्पासाहेबांनी नवी वही ओढली आणि माझ्या हातात न देता स्वतः लिहायला बसले. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं, की तानूबाई यांस दर मंगळवारी पूर्ण सुटी, त्या दिवशी हॉल अध्यक्ष स्वतः उघडतील. "मंजूर?" या वेळी कोणी ओरडलं नाही. हात मात्र सगळे वर होते. हयवदनांनीही चुकून वर केला.

पहिल्या मंगळवारी मी ऑफिसला निघायच्या आधीच बेल वाजली. दारात तानूअक्का, नवं लुगडं नेसून.

"आज सुटी," त्या म्हणाल्या.

संध्याने त्यांना सोफ्यावर बसवलं आणि कॉफी दिली. त्या अंग चोरून, कडेला बसून प्यायल्या. कप विसळायला उठल्या तेव्हा संध्याने तो हातातून काढून घेतला. "बसा की, अक्का." त्या पुन्हा बसल्या. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. थोडा वेळ घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

"सूर्या," त्यांनी हळूच विचारलं, "आता काय करायचं असतं?"

सव्वीस वर्षं मी दरसाल बारा रजा घेतो आहे, आणि बाराही काळजी करण्यात घालवतो. बोम्मसंद्र्याची बस निघून गेली होती. मी बूट काढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.